मलेरिया, परजीवी आणि आपलं रक्त: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, बेळगाव, निपाणी, हल्याळ, जोयडा या पट्ट्यात रक्ताचे नमुने घ्यायला गेलं की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. दवाखान्यातले फलक बहुधा कानडीत असतात, रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन्ही वाचता येत नाहीत. मी मलेरियात शरीर कसं लढतं याच्या संशोधनात काम करते. ज्यांच्या रक्तावर आमचं काम चालतं, त्यांना उत्तरं त्यांच्याच भाषेत मिळाली पाहिजेत, म्हणून हे पान.

मलेरिया नेमका कशामुळे होतो? घाण पाण्यामुळे की डासामुळे?

प्लाझमोडियम नावाच्या, एकाच पेशीच्या परजीवीमुळे. त्याला एका माणसातून दुसऱ्या माणसात नेते ती ॲनोफिलिस डासाची मादी. १८८० मध्ये अल्जेरियात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने रुग्णाच्या रक्तात हा परजीवी पहिल्यांदा पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. तोपर्यंत दलदलीची हवा लागून ताप येतो असंच जगभर समजलं जायचं. पाण्याचा संबंध आहे, पण तो डासाच्या अळ्यांपुरता; पाणी पिऊन मलेरिया होत नाही. शिवाय ॲनोफिलिसच्या बऱ्याच जातींना गटारापेक्षा स्वच्छ पाणी आवडतं, हे अनेकांना पटत नाही. घाटातले झरे, शेताचे पाट, बांधकामावरच्या टाक्या, उघडे हौद ही तिची ठिकाणं.

डास चावल्यापासून ताप येईपर्यंत अंगात काय चाललेलं असतं?

डास रक्त पिताना त्याच्या लाळेतून थोडेसेच परजीवी कातडीत उतरतात. त्यातले काही रक्तवाहिनीत शिरतात आणि तासा-दोन तासांत यकृतात पोहोचतात. तिथे ते आठवडाभर गुपचूप वाढतात. तुम्हाला ना ताप, ना कणकण. तुम्ही रानात जाता, लग्नाला जाता, जेवण नेहमीसारखं असतं. पण यकृताच्या एकेका पेशीत एका परजीवीचे हजारो होत असतात.

मग ते सगळे रक्तात सुटतात. एकेक परजीवी तांबड्या पेशीला चिकटतो आणि मिनिटाभरातच तिच्यात घुसतो. आत बसून तो हिमोग्लोबिन खातो. त्यातला हीम नावाचा लोहाचा भाग त्याच्यासाठी विषारी असतो, म्हणून त्याचे तो काळपट खडे बनवून बाजूला टाकतो. जुन्या काळच्या क्लोरोक्विनसारख्या औषधांचा घाव नेमका या खडे बनवण्यावर बसतो. गंमत म्हणजे चहूबाजूंनी हीम असूनही हा परजीवी स्वतःचं हीम वेगळं तयार करतो. हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. पद्मनाभन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

साधारण ४८ तासांनी तांबडी पेशी फुटते. प्लाझमोडियमच्या फाल्सिपॅरम या जातीत एका पेशीतून साधारण १६ ते ३२ नवे परजीवी बाहेर पडतात आणि लगेच पुढच्या पेशी धरतात.

हुडहुडी का भरते? आणि ताप एक दिवस सोडून का येतो?

ताप परजीवी आणत नाही, तो आपलं शरीरच आणतं. तांबड्या पेशी फुटल्या की परजीवीचा कचरा रक्तात पसरतो. पांढऱ्या पेशींना तो धोका वाटतो आणि त्या सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. हे निरोप मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत जातात आणि ते केंद्र शरीराचं तापमान वर चढवायला लागतं. त्याच्या हिशेबाने अंग अजून थंड असतं, म्हणून दोन घोंगड्या घेऊनही माणूस कापतो. नंतर अंग भाजतं, शेवटी दरदरून घाम येतो आणि माणूस गळून जातो.

सगळे परजीवी एकाच वेळी पेशी फोडू लागले की ताप ४८ तासांच्या तालावर येतो. पण सुरुवातीच्या दिवसांत तो ताल जमलेला नसतो आणि फाल्सिपॅरममध्ये तर बरेचदा जमतच नाही. त्यामुळे “रोज ताप येतोय, म्हणजे मलेरिया नाही” असं घरच्या घरी ठरवू नका.

शरीरात एवढं सैन्य आहे, मग ते परजीवीला हाकलत का नाही?

आमच्या संशोधनाचा गाभाच हा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर आतल्या प्रथिनांचे तुकडे दाखवत असते. आत शत्रू असेल तर टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना ते तुकडे दिसतात आणि त्या बाधित पेशीला मारतात. यकृताच्या पेशी हे करतात, म्हणून यकृतातल्या टप्प्यात टी-पेशींना संधी असते. पण तो टप्पा छोटा असतो आणि बाधित पेशी फारच थोड्या असतात. रक्तातल्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं आणि तिच्याकडे हे तुकडे दाखवायची सोयही नसते. परजीवी तिथे जाऊन बसला की टी-पेशीच्या नजरेआड होतो.

मग उरतात त्या अँटिबॉडी, म्हणजे शत्रूला चिकटून अडवणारी रक्तातली प्रथिनं, आणि पानथरी (प्लीहा). पानथरी म्हणजे रक्ताची चाळणीच. ताठर झालेल्या बाधित तांबड्या पेशी तिथे अडकतात आणि नष्ट होतात. मलेरियात पानथरी सुजते ती या कामानेच. जुने डॉक्टर गावात मलेरिया किती आहे ते मुलांच्या पोटाला हात लावून, पानथरी मोजून ठरवायचे.

फाल्सिपॅरमने या चाळणीवरही उपाय काढला आहे. तो बाधित पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणतो आणि त्या जोरावर पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहते, पानथरीकडे जातच नाही. हे चिकटणं मेंदूतल्या वाहिन्यांत झालं की मेंदूचा मलेरिया होतो आणि रोगी बेशुद्ध पडतो. शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या, तर परजीवी दुसरं प्रथिन काढतो. त्याच्याजवळ या प्रथिनाची साधारण ६० जनुकं आहेत आणि एका वेळी तो त्यातलं एकच वापरतो. म्हणजे आपलं शरीर एकेका रूपाशी लढायला शिकतं आणि तोवर रूप बदललेलं असतं.

तरीही शरीर शिकतं, हे १९६१ मध्ये आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशात सिद्ध झालं. मलेरियाच्या मुलखात लहानाचे मोठे झालेल्या प्रौढांच्या रक्तातल्या अँटिबॉडी काढून आजारी मुलांना दिल्या, तर मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. त्यांतली कुठली अँटिबॉडी नेमकं काय करते, हे शोधण्यात जगभरच्या प्रयोगशाळा अजून गुंतलेल्या आहेत.

लहानपणी मलेरिया होऊन गेला. आता पुन्हा होणार नाही ना?

होऊ शकतो. मलेरियाची प्रतिकारशक्ती कांजिण्यांसारखी जन्मभराची नसते. ती वारंवार लागण होऊन हळूहळू येते, आजार सौम्य करते, पण लागण पुरती थांबवत नाही. काही वर्षं मलेरिया नसलेल्या ठिकाणी राहिलं की ती ओसरते. ईशान्येत नोकरी करून आलेले जवान किंवा बाहेरगावी मजुरी करून परतलेले लोक “मला काही होत नाही” म्हणतात, ते धोक्याचं आहे.

गोळ्या घेतल्या, बरा झालो, दोन महिन्यांनी पुन्हा तोच ताप. औषध खोटं होतं का?

बहुधा औषध खरं होतं, पण पुरं घेतलं गेलं नाही. व्हायव्हॅक्स जातीचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन पुन्हा रक्तात येतात. त्याला नवा डास लागत नाही. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या फक्त रक्तातले परजीवी मारतात. झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन लागतं आणि आपल्याकडच्या सरकारी उपचारात ते १४ दिवसांचं असतं. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो, कामं खोळंबलेली असतात आणि उरलेली पाकिटं कपाटात पडून राहतात. हेच मला सगळ्यात जास्त सलतं, कारण या एका सवयीमुळे माणूस पुन्हा आजारी पडतो आणि त्याच्याकडून परजीवी पुन्हा डासात जातो.

प्रायमाक्विन आपल्या मनाने मात्र घेऊ नका. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत. गोळी घेताना लघवी काळपट किंवा कोकमच्या रंगाची झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बोटाला टोचून केलेल्या पट्टीवर ‘नाही’ आलं. मग ताप कशाचा?

पट्टीची झटपट चाचणी परजीवीची प्रथिनं शोधते. रक्तात परजीवी फार कमी असतील तर ती चुकू शकते. उलटही घडतं: फाल्सिपॅरमचं एक प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून बरा झालेला माणूसही ‘होय’ दाखवतो. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं अजूनही भरवशाचं आहे, फक्त पाहणारी नजर तयार हवी. जाड थरात परजीवी आहे की नाही ते कळतं, पातळ थरात त्याची जात कळते. फाल्सिपॅरमचं एक रूप तर एकदा पाहिलं की विसरत नाही: कपाळावर रेखलेल्या चंद्रकोरीसारखं, कडा रेखीव, मध्ये काळे खडे. डासाच्या पोटात पुढचं जीवन सुरू करणारं रूप तेच.

पहिली तपासणी ‘नाही’ आली आणि ताप कायम असला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्या. रक्त देण्याआधी जुन्या गोळ्या खाऊ नका.

प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे डेंगीच ना?

नाही. मलेरियातही प्लेटलेट उतरतात. दोन्ही तपासण्या करून घ्या. डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो, ॲनोफिलिस संध्याकाळनंतर आणि रात्री. आणि घाटातल्या माकडतापाबद्दल बरेच जण विचारतात: तो विषाणूचा आजार आहे, गोचिडीतून येतो, मलेरियाशी त्याचा संबंध नाही. काजूच्या बागेत किंवा जंगलात कामाला जाऊन आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

गरोदरपणात मलेरिया जास्त धोक्याचा का?

फाल्सिपॅरमने बाधित झालेल्या पेशींना वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या भागात, चिकटायला एक खास जागा मिळते. त्यासाठी परजीवी एक वेगळंच प्रथिन वापरतो. ते बाईच्या शरीराने आधी कधी पाहिलेलं नसतं, म्हणून लहानपणापासून मलेरिया सोसलेल्या बाईचीही प्रतिकारशक्ती इथे कमी पडते. पहिल्या बाळंतपणात त्रास सगळ्यात जास्त होतो. मलेरियाच्या मुलखात पुढच्या गरोदरपणांत त्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. परिणाम म्हणजे आईला रक्तक्षय, कमी वजनाचं बाळ, कधी गर्भपात. गरोदर सुनेला ताप आला तर “वातावरण बदललंय” म्हणून वाट पाहू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

काही लोकांना मलेरिया होतच नाही असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं एकच जनुक असलेल्या माणसाला फाल्सिपॅरमचा गंभीर आजार होण्याची शक्यता बरीच कमी असते. हे १९५४ मध्ये ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. थॅलेसेमिया आणि जी-सिक्स-पीडीच्या कमतरतेबद्दलही असे पुरावे आहेत. तांबड्या पेशीवर डफी नावाचं प्रथिन नसेल तर व्हायव्हॅक्सला आत शिरणं अवघड जातं. आफ्रिकेच्या मोठ्या भागात असे लोक बहुसंख्य आहेत, भारतात फार विरळ. म्हणूनच खानापूर-हल्याळच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी समाजाबद्दल, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, संशोधकांना कुतूहल असतं. पण यातलं कुठलंही जनुक मच्छरदाणीची जागा घेत नाही, आणि कुणाच्या जातीवरून-समाजावरून “यांना होत नाही” असं ठरवणं सरळ चूक आहे.

आपल्या भागातला मलेरिया संपला ना?

या भागाची मलेरियाची गोष्ट मोठी आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. बेळगाव, धारवाड आणि कारवार हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. घाटाच्या पायथ्याच्या झऱ्यांत वाढणारा ॲनोफिलिस फ्लुव्हियाटिलिस हा डास इथला मुख्य वाहक; सुपा-हल्याळकडची कैक गावं तापाने पोखरलेली होती. १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांतल्या गावांत घरांच्या भिंतींवर डीडीटी हे कीटकनाशक फवारायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांत डीडीटीने मलेरिया रोखता येतो हे देशाला दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. पुढे १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता.

साठच्या दशकाच्या मध्यावर आकडा लाखाच्या आसपास आला. सगळ्यांना वाटलं, संपलं. फवारणी ढिली पडली, डास औषधाला सरावले आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

आता पुन्हा आकडे खूप खाली आहेत. देशाने २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचं लक्ष्य ठेवलं आहे. कर्नाटकात अलीकडच्या काळात मलेरियाचा मोठा भार मंगळूर शहरावर राहिला; तिथे बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्यात ॲनोफिलिस स्टीफेन्सी वाढतो. आपल्याकडचे लोक गोव्याला, मंगळूरला, मुंबईला कामाला जातात, ऊसतोडीच्या टोळ्या निपाणी-चिकोडी-अथणीकडे येतात. परजीवी माणसाच्या रक्तातून एस.टी.ने प्रवास करतो आणि त्याला महाराष्ट्र-कर्नाटकची हद्द लागू नाही. ताप गोव्यात येतो, रक्त बेळगावात तपासलं जातं, गोळ्या चंदगडच्या दवाखान्यातून घेतल्या जातात आणि तीन ठिकाणच्या नोंदी एकमेकांना भेटत नाहीत. या भागापुरतं बोलायचं तर मला सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते. त्यामुळे मागच्या महिन्याभरात कुठे कुठे होतात, ते आशाताईला आणि डॉक्टरांना नीट सांगा.

मलेरिया सोडून आणखी कुठले परजीवी आपल्याकडे आहेत?

पोटातले जंत सगळ्यात जास्त. गोल जंत दूषित हातांतून आणि भाजीतून येतात. आकडीजंत अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. शेतात अनवाणी राबणाऱ्या बायकांचा रक्तक्षय नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हटत नाही, त्याचं एक कारण हे. १० फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत देतात ती अल्बेंडाझोलची गोळी यासाठीच. मुलांना त्या दिवशी घरी ठेवू नका.

हत्तीरोग क्युलेक्स डासातून पसरतो. सीमाभागात बीदरकडे त्याचा इतिहास आहे. त्याचे सूक्ष्म जंत मुख्यतः रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून तपासणीची माणसं रात्री दहानंतर दार वाजवतात. त्यांच्यावर संशय घेऊ नका, दिवसा घेतलेल्या रक्तात बहुधा काहीच दिसत नाही.

आमांश करणारा अमिबा आहे, डुकराच्या फितीजंताची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी झाल्याने येणारे झटके आहेत. आणि एक परजीवी आपण पुरता घालवलेलाही आहे: नारू. घरातल्या वृद्धांना विचारा, पायातून हातभर दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळत काढायचे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना जखमेतून त्याची पिल्लं पाण्यात सुटत, बारीक पाणकिडे ती गिळत आणि तेच पाणी गाव पीत असे. त्यावर ना लस होती, ना खास औषध. पायऱ्या बुजवल्या, पाणी गाळलं, बोअरवेल खोदल्या. १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

जंत असले की मलेरियात फरक पडतो का?

पडतो, पण कसा, यावर अभ्यासांचं एकमत नाही. जंत मोठा असतो, पेशी त्याला गिळू शकत नाही, म्हणून शरीर वेगळी फौज काढतं: इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि आयजीई प्रकारच्या अँटिबॉडी. शिवाय जंत वर्षानुवर्षं राहायचे म्हणून शरीराची प्रतिक्रिया मंद करणारे पदार्थ सोडतात. अशा मंद झालेल्या शरीरात मलेरिया आला किंवा लस टोचली तर काय होतं, हा आजच्या संशोधनातला खरोखर रंगलेला प्रश्न आहे.

सातवीणीची साल, गुळवेल, काढेचिराईत. याने मलेरिया जात नाही का?

आजीच्या काढ्याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. आज जगभर फाल्सिपॅरमवर जे औषध चालतं, ते आर्टेमिसिनिन, चीनमधल्या एका जुन्या वैद्यकीय ग्रंथातल्या नोंदीवरून सापडलं. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी त्यात वाचलं की ज्या वनस्पतीतून हे औषध मिळतं तिचा रस थंड पाण्यात काढायला सांगितलाय. उकळल्याने औषध मरतं हे त्यांच्या ध्यानात आलं आणि कमी तापमानावर अर्क काढल्यावर तो लागू पडला. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. बेळगावातही पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आहे.

पण जुन्या नोंदीपासून गोळीपर्यंत जायला शेकडो अर्क, प्राण्यांवरच्या चाचण्या, माणसांवरच्या चाचण्या लागल्या. सातवीणीच्या सालीची अशी वाट अजून पूर्ण झालेली नाही. काढ्याने थोडी हुशारी वाटेल, तोंडाला चव येईल. त्याच वेळात फाल्सिपॅरम मेंदूपर्यंत पोहोचलेला असू शकतो. आधी रक्त तपासा, गोळी सुरू करा, मग डॉक्टरांना विचारून काढा घ्या.

देवीची लस आली तशी मलेरियाची लस का नाही?

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार व्हायची, त्यामुळे बेळगावकरांनी हा प्रश्न विचारावा हे साहजिकच आहे. देवीच्या विषाणूत साधारण २०० जनुकं. फाल्सिपॅरममध्ये पाच हजारांहून अधिक. त्यातून तो यकृतात एक, रक्तात दुसरं, डासात तिसरं रूप घेतो.

तरी आता लस आहे. आरटीएस,एस या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली, आर-२१ ची २०२३ मध्ये. आर-२१ ऑक्सफर्डची आणि तिचं उत्पादन आपल्या जवळच्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होतं. दोन्ही फाल्सिपॅरमवर आहेत, मुख्यतः आफ्रिकेतल्या बालकांसाठी, जिथे मलेरियाचे बहुतेक मृत्यू होतात. व्हायव्हॅक्सवर त्या चालत नाहीत. भुवनेश्वरच्या आयसीएमआर केंद्रात ॲडफाल्सीव्हॅक्स या लशीवर काम सुरू आहे. व्हायव्हॅक्सच्या लशीला उशीर होण्याचं एक कारण अगदी साधं आहे: फाल्सिपॅरम प्रयोगशाळेत वाढवता येतो, १९७६ पासून, पण व्हायव्हॅक्स तसा सतत वाढवणं अजून जमलेलं नाही. त्याच्या अभ्यासासाठी रुग्णाचं ताजं रक्तच लागतं.

आमच्या रक्ताचं तुम्ही नेमकं काय करता?

घेतो ते सहसा एक-दोन छोटे चमचे, मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. नळी बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत येते. एका खास द्रावावर ते रक्त हलकेच ओतून यंत्रात गरगर फिरवलं की थर वेगळे होतात: तळाला गडद लाल, वर पिवळसर पाणी, आणि मधल्या भागात दुधाळ रंगाची एक अगदी पातळ रेघ. त्या रेघेत टी-पेशी आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी असतात. हात न हलवता ती रेघ बारीक नळीने उचलायची, हे कसबाचं काम आहे. त्या पेशी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पिवळ्या पाण्यात अँटिबॉडी असतात. कोणाच्या अँटिबॉडी परजीवीला पेशीत शिरू देत नाहीत, ते आम्ही मोजतो. लाल थरातून परजीवीचं जनुकद्रव्य काढून त्याने औषधाला दाद न देण्याचे बदल केलेत का ते पाहतो.

यातून काय निघतं, त्याचं एक उदाहरण. लस टोचलेल्या एका स्वयंसेवकाच्या रक्तातल्या एका पेशीवरून शास्त्रज्ञांनी एक अँटिबॉडी तयार केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतल्या माली देशातल्या चाचणीत तिच्या एकाच मोठ्या डोसने प्रौढांना मलेरियाच्या संपूर्ण हंगामात मोठं संरक्षण दिलं.

संमतीचा कागद कानडीत किंवा इंग्रजीत असेल तर सही करावी का?

करू नका. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: माहिती सहभागी माणसाला कळेल त्या भाषेत दिलीच पाहिजे. मराठी कागद मागा. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर तो मोठ्याने वाचून घ्या आणि मगच अंगठा द्या. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घ्यायचा असतो, आईबापाची सही एवढ्याने भागत नाही. उरलेला नमुना पुढच्या अभ्यासासाठी ठेवणार का, नाव लपवलं जाणार का, काही इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे विचारा. मध्येच नको वाटलं तर बाहेर पडा. त्यामुळे तुमचा उपचार थांबवता येत नाही.

काही संशोधक घाईत असतात, “फक्त रक्त तपासतोय” म्हणून वेळ मारून नेतात. मला हे खपत नाही. ज्याला प्रश्न विचारायची मुभा नव्हती, त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

पैसे मिळतात का? रिपोर्ट मिळतो का?

जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्यायची पद्धत आहे. रक्त विकत घेतलं जात नाही. मलेरिया आहे की नाही याचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळायला हवा आणि उपचार मोफत. पेशींच्या आणि जनुकांच्या चाचण्यांना मात्र महिने लागतात आणि त्यातून तुमच्या एकट्यासाठी उपयोगी असं बहुधा काही निघत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. गावाला निष्कर्ष सांगायला संशोधकांनी परत यावं, असा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा.

मुलगी बारावी सायन्सला आहे. डॉक्टर न होता या क्षेत्रात येता येतं का?

येतं. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी., पुढे नेट ही पात्रता परीक्षा देऊन पीएच.डी. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रमही चांगला. सूक्ष्मदर्शकावर तयार नजर असलेल्या माणसांची आज खरी चणचण आहे. दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था, जिची क्षेत्रकेंद्रं बेंगळुरू आणि गोव्यात काम करत आली आहेत, पुद्दुचेरीचं वाहक नियंत्रण संशोधन केंद्र, दिल्लीचं आयसीजीईबी (जनुक अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र), बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था: या सगळ्यांनी मलेरियावर काम केलं आहे. मराठी माध्यमातून शिकली म्हणून कचरू नका. कानडी मात्र तिला नीट शिकवा. मराठी, कानडी आणि कोकणी बोलणारी संशोधक या पट्ट्यातल्या गावात गेली, तर लोक तिला तापाची तारीख, कामावर गेलेलं गाव आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या हे सगळं स्वतःहून सांगतात, आणि ही माहिती दुसऱ्या कुठल्याही यंत्रातून मिळत नाही.